शेळीनं खाल्लेला अर्ज

मी विनोदी लेखक आहे. चाळीस वर्षं कथाकथन करत महाराष्ट्रभर हिंडलो. गणपती असोत, बँकेचा वर्धापनदिन असो, नाहीतर साखर कारखान्याची सभा असो, माईक हातात घेऊन "मी सर्जेराव वाइंगडे" एवढं म्हटलं की पहिला हशा मिळायचा. बाकी काही आलं नाही तरी हशा कुठं मिळतो तेवढं मला बरोबर कळतं.

यंदा एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून विज्ञानकथा मागितली. म्हटलं, अहो, मला साधा फ्यूज बदलता येत नाही. ते म्हणाले, तुम्ही त्या रसांतर यंत्राबरोबर काम केलंय ना, त्याच्यावर लिहा. तर हे त्याच्यावर आहे. यात एक यंत्र आहे आणि माझी शरम आहे. एवढ्यावर विज्ञानकथा होत असेल तर होऊ दे, नाहीतर संपादक परत पाठवतील.

माझं नाव झालं ते एका गोष्टीमुळं, 'शेळीनं खाल्लेला अर्ज'. ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझी थोरली बहीण शालन, तिला मी आक्का म्हणतो. गडहिंग्लजकडं आमचं गाव. आक्का दहावी पास झालेली गावातली पहिली मुलगी. तिनं मिरजेच्या नर्सिंग कोर्सचा अर्ज भरला आणि पोस्टात टाकायला माझ्याकडं दिला. मी अकरा वर्षांचा. पोस्ट शाळेच्या गावाला, दोन मैलांवर. वाटेत पारावर बसलो, शाई ओली झाली का बघायला अर्ज बाहेर काढला, एक जांभई दिली आणि जांभई संपेस्तोवर शेळीनं अर्ज खाल्ला. पुढं ती शेळीच नर्स होते. ताप आला की गावातली माणसं तिच्यापुढं जीभ काढून उभी राहतात, तलाठ्याला ती इंजेक्शन कुठं देते, हे सगळं मी पाऊण तास रंगवून सांगतो. शेळीचा आवाज काढतो. बायाबापड्या पोट धरून हसतात.

पहिल्या कार्यक्रमाला आक्का पहिल्या रांगेत होती. पदर तोंडाला लावून हसत होती. त्यानंतर तिच्या सासरच्या गावात लोक तिला 'नर्सबाई' म्हणायला लागले. ती पन्नाशीला आली तरी रस्त्यात पोरं म्हणायची, "नर्सबाई, टोचा की." मी ते ऐकलं, आणि मला वाईट वाटलं असं तुम्हाला वाटेल. मी ते वाक्य पुढच्या कार्यक्रमात घेतलं. चांगलं चाललं.

आता खरं सांगतो. शेळी नव्हती.

अर्ज मी ओढ्यात टाकला. दिवस भादव्याचे, ओढ्याला पाणी होतं, बघता बघता गेला. का टाकला ते पुढं सांगतो, आत्ता सांगायची छाती नाही. आमची आई मी पाच वर्षांचा असताना गेली. घरात आप्पा, आक्का आणि मी. आप्पा गुळव्या होते, म्हणजे गुऱ्हाळावर रस कढवून गूळ करणारे. दसऱ्यापासून होळीपर्यंत ते गुऱ्हाळावर असायचे आणि पावसाळाभर घरात विड्या ओढत बसायचे. बसलेला माणूस चिडका असतो, आणि आप्पांचा हात जड होता. माझ्या आणि त्या हाताच्या मधे आक्का उभी राहायची.

महिना झाला तरी मिरजेहून उत्तर येईना. एका संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "खरं सांग, टाकलास का अर्ज?" आप्पांचा हात वर गेला आणि मी म्हणालो, "शेळीनं खाल्ला." हात वरच्या वर राहिला. आप्पा हसायला लागले. आप्पांना हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. आक्का रडत होती, पण शेळीनं कसा खाल्ला ते मी करून दाखवलं तेव्हा तीही रडता रडता हसली. मुदत संपली होती. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं. लोक मला मुलाखतीत विचारतात, तुम्ही विनोदी कथाच का निवडली? मी काही निवडलं नाही हो. मार चुकवला.

आता यंत्राकडं येतो.

गेल्या तीन-चार वर्षांत पुस्तक हातात धरून वाचणारी माणसं कमी झाली, हे तुम्हाला माहीत आहेच. घरोघरी ती बोलकी डबी आली. तिला सांगायचं, गोष्ट ऐकव, की ती ऐकवते. कोल्हापुरातल्या एका कंपनीनं त्या डबीसाठी रसांतर काढलं. तिथली संपादक गार्गी शेटे, वयानं माझ्या मुलीएवढी, बोलायला नम्र आणि डोक्यानं तल्लख. माझ्या चाळीस गोष्टी तिनं मागितल्या. त्या गोष्टी रसांतर ज्याला हव्या त्या प्रकारात ऐकवणार होतं. कुणाला भयकथा हवी तर भयकथा, कुणाला कौटुंबिक हवी तर कौटुंबिक, कुणाला दोन वाट्या विनोदात चिमूटभर भुताटकी, तर तशी.

मी म्हणालो, "गार्गीबाई, शेळीची भयकथा कशी होणार?"

ती म्हणाली, "सर, समजा एक माणूस विहिरीत पडला. काठावर उभं राहून बघितलं की विनोद होतो. त्याच्याबरोबर आत उतरलं की शोकांतिका. ढकललं कुणी असं विचारलं की रहस्यकथा. आणि पडून दहा वर्षं झाली तरी तो रोज घरी जेवायला येतो, ही भयकथा. विहीर तीच, माणूस तोच. आपण कुठं उभे आहोत आणि कुठली गोष्ट आपल्याला कधी कळते, एवढाच फरक."

चाळीस वर्षं मी हा धंदा केला आणि हे मला कुणाला असं सांगता आलं नसतं. कौतुकही वाटलं, थोडं झोंबलंही.

यंत्राचं काम असं चालतं. आधी ते गोष्ट सोलतं. भाषा, कोट्या, वर्णनं सगळी बाजूला काढतं आणि नुसत्या घटना ठेवतं. प्रत्येक घटनेची एक गाठ. त्या वेळी कोण कुठं होता, कुणाला काय माहीत होतं, कुणाला काय हवं होतं, कोण काय लपवत होता, हे त्या गाठीशी लिहून ठेवतं. मग गाठींमधले दोरे तपासतं. या घटनेतून ती घटना घडायची शक्यता किती, शंभरात नव्वद की शंभरात पाच. दोरा कच्चा निघाला तर तिथं भोक आहे असं म्हणतं. आणि मग नव्या प्रकाराप्रमाणं काय आधी सांगायचं, काय मागं ठेवायचं, कुणाच्या डोळ्यांनी बघायचं, हे ठरवून गोष्ट पुन्हा विणतं.

मला वाटायचं, दोन प्रकार एकत्र करणं म्हणजे भाताला आमटी. यंत्रानं मला शिकवलं की तसं नसतं. प्रत्येक प्रकाराचे आपापले कायदे असतात आणि एकत्र आणले की ते भांडतात. विनोदात भोक चालतं, उलट भोकातूनच हशा येतो. शेळी नर्स झाली तर कुणी विचारत नाही, तिला इंजेक्शन धरता कसं येतं. भयकथेतही थोडं चालतं, कारण सगळं कळलं तर भीती कसली. रहस्यकथा मात्र एक भोक चालवून घेत नाही. ती सगळ्यात संशयी. दुसऱ्या कुठल्याही प्रकारात तिला मिसळा, ती येते आणि घरातले डबे उघडून बघायला लागते.

आणि आक्का फक्त रहस्यकथा ऐकते.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मोतीबिंदूनंतर तिची नजर अधू झाली म्हणून ती डबी तिला मीच घेऊन दिली होती. त्याआधी ती गडहिंग्लजच्या वाचनालयातून पिशवी भरून रहस्यकथा आणायची. शेवटची पानं आली की पुस्तक मिटायची आणि आपला गुन्हेगार दाजींना सांगायची. दाजी म्हणायचे, "तुझी आक्का पोलिसात पायजे होती." डबी आल्यावर तिनं पहिल्या दिवशी 'निव्वळ रहस्य' असं सांगितलं, ते आजतागायत तसंच आहे.

गेल्या वर्षी श्रावणात गार्गीनं मला ऑफिसला बोलावलं. पडद्यावर माझी गोष्ट गाठी-दोऱ्यांची होऊन पसरली होती. मधेच एक दोरा लाल होता.

ती हसत म्हणाली, "सर, रहस्य लावलं की तुमच्या शेळीपाशी अडतंय."

"का बरं?"

"तुमच्या तेविसाव्या गोष्टीत तुमची शाळेची पत्र्याची पेटी आहे बघा. तिची कडी दातानं ओढल्याशिवाय निघत नाही आणि ते फक्त तुम्हाला जमतं, असं तुम्हीच लिहिलंय. आणि या गोष्टीत अर्ज ताईंनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्या पेटीत ठेवलाय. यंत्र म्हणतं, प्लास्टिकमध्ये असलेली शाई ओली झाली का बघायला मुलगा भर पावसात पेटी कशाला उघडेल?"

"बरं, मग शेळीनं खाल्ला एवढंच धरा."

"रहस्यकथेत अपघात चालत नाही, सर. गुन्हेगाराला हेतू लागतो. शेळीला कसला हेतू?" तिनं बोट लावलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं आली. अर्ज नाहीसा करणारी व्यक्ती, धाकटा भाऊ. शक्यता शंभरात ब्याण्णव.

"यंत्रानं तुम्हालाच पकडलं," असं म्हणून गार्गी मनापासून हसली. मीही हसलो. मला हसायची सवय आहे.

ती म्हणाली, "तुम्हाला पटत नसेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे ही गोष्ट यादीतून वगळू. एकोणचाळीस चालतील. नाहीतर इथं लेखकाचा खुलासा लिहा. लेखक म्हणतो ते यंत्र प्रमाण मानतं. त्यावर शंका घेत नाही."

मी 'वगळा' म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. पण त्या एकोणचाळिसांसाठी मला कोण ओळखतं? वसुबारसेला शाहू स्मारकात रसांतरच्या उद्घाटनाचा समारंभ होता, छापलेल्या पत्रिकेवर शेळीचं चित्र होतं. शेळी काढली तर सर्जेराव वाइंगडे म्हणजे कोण? मी म्हणालो, "खुलासा लिहितो. एक चहा मागवा."

घरात माणसं तीनच. आक्का स्वतःचा अर्ज कशाला नाहीसा करेल? मी नको. राहिलं कोण?

मी लिहिलं की त्या सकाळी बापानं पेटीची कडी मोडून अर्ज काढून घेतला. पोरगी गेली तर घर कोण चालवणार हा त्याचा हेतू. गुऱ्हाळाच्या चुलवाणात, म्हणजे रस कढवायच्या काहिलीखालच्या भट्टीत, त्यानं तो टाकला. मुलानं ते बघितलं. बापानं दम दिला म्हणून मुलानं शेळीचं नाव घेतलं. यंत्रानं क्षणभर वेळ घेतला आणि लाल दोरा काळा झाला. गार्गी म्हणाली, "वा सर. काय फिरवलंत." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या खुलाशात मी नुसता निर्दोष नव्हतो, बिचारा पण होतो.

आणि आता ऐका आप्पांचं. तो फॉर्म तालुक्याहून आप्पांनीच आणला होता. एसटी बंद होती, तर पोतं डोक्यावर घेऊन पावसातून चालत गेले होते. पालकाची सही म्हणून त्यांनी एकेक अक्षर जुळवून आपलं नाव काढलं, आणि शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं म्हणून दिवसभर चुटपुटत होते. आप्पा जाऊन बावीस वर्षं झाली. त्यांना कोर्टात उभं करायला मला चहाचा एक कप पुरला.

समारंभ छान झाला. मी शेळीचा आवाज काढला.

भाऊबिजेला मी दरवर्षी आक्काकडं जातो. सकाळच्या विजेच्या एसटीनं गडहिंग्लज, तिथून रिक्षा. गेल्या दिवाळीलाही गेलो. दाजी शेताकडं गेले होते. आक्कानं पुढच्या खोलीत, सोप्यात, पाट मांडला होता, भोवती रांगोळी, बाजूला तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. सगळं नेहमीसारखं. फक्त समोरच्या भिंतीवर आप्पांचा फोटो असायचा, तिथं नुसता खिळा होता आणि खिळ्याखाली चौकोनी पांढरी जागा.

मी म्हणालो, "आक्का, आप्पांचा फोटो?"

"काढलो." आमच्या सीमेकडच्या बायका 'मी आलो, मी काढलो' असंच बोलतात. "धनत्रयोदशीला तुझी गोष्ट ऐकलो. संपली तशी उठलो आणि फोटो काढून ट्रंकेत घातलो. तोंड खाली करून."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"सहा वर्षं अंथरुणात होता त्यो. त्याचं हागणं-मुतणं सगळं मी काढलो. घास भरवलो. मरताना माझा हात धरून म्हणाला, पोरी, तू नर्स व्हायला पायजे होतीस. अन् ह्यानंच माझा अर्ज जाळला व्हता म्हणं."

तिथं बोलायला हवं होतं. माझ्या समोर उघडा दरवाजा होता. मी काय म्हणालो सांगू? म्हणालो, "जाऊ दे आक्का. जुनं झालं. माणूस गेला, आता राग कशाला?" चौसष्ट वर्षांचा माणूस, केस पांढरे झालेले, आणि बापावर घातलेल्या आळावर क्षमेचं टोपण लावतोय. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

"बस पाटावर," आक्का म्हणाली.

मी बसलो. टोपी घातली. तिनं निरांजन पेटवलं, तबक हातात घेतलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. पण ओवाळेना.

"एक विचारू?" ती म्हणाली. "भादव्यात गुऱ्हाळ पेटतंय व्हय रं?"

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. ऊस दसऱ्यानंतर तुटतो. गुऱ्हाळ त्यानंतर पेटतं. भादव्यात गुऱ्हाळाच्या चुलवाणात पाणी साठलेलं असतं आणि त्यात बेडकं ओरडतात. लहानपणी मी ती दगडानं मारली आहेत. आणि मी लिहून बसलो होतो की बापानं भादव्यात जाळात अर्ज टाकला. यंत्रानं विचारलं नाही, कारण लेखकाचा शब्द प्रमाण. गार्गीला गुऱ्हाळाचा हंगाम काय माहीत. पण गोष्ट ज्या घरची होती तिथली बाई ऐकत होती.

"तीन दिस घोकत हुतो," आक्का सांगत होती. "पहिल्या रात्री नुसता राग. दुसऱ्या दिवशी मनात आलं, ज्यानं पावसात जाऊन कागद आणला, त्यो जाळील कशाला? म्हटलं, असंल, माणसाचं मन फिरतंय. काल दिवे लावताना चुलवाण डोक्यात आलं. तू गुळव्याचा पोरगा न्हवं? ही चूक तुझ्या हातनं हुतीय कशी? ज्याला घाईनं कायतरी झाकायचं असतंय, त्याच्याच हातनं हुतीय. पुस्तकात तरी असंच असतंय."

माझ्या तोंडातून सवयीनं विनोदच बाहेर आला. "शेळीनं पेटवलं असंल," मी म्हणालो.

ती हसली नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा असा विनोद केला की ज्यावर समोरचा माणूस हसला नाही आणि मला बरं वाटलं.

मी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणालो, "आक्का, ओढ्यात टाकलो. मीच. शेळी नव्हती. आप्पांना काहीच माहीत नव्हतं."

"का?"

"पेटी उघडून मी अर्ज वाचला. त्यात एक ओळ होती, अर्जदारावर अवलंबून असलेल्या व्यक्ती. त्याच्यापुढं तू लिहिलं होतंस, कोणी नाही."

निरांजनाची वात तडतडली. तिनं तबक खाली ठेवलं आणि तीही जमिनीवर बसली.

मी बोलत राहिलो. म्हणालो, माझं तुझ्यावाचून पान हलत नव्हतं. तू केस विंचरायचीस, तू भाकरी द्यायचीस, आप्पा उठले की तू मधे यायचीस. आणि तू सरकारी कागदावर लिहून दिलंस की माझ्यावर कोणी अवलंबून नाही. अकरा वर्षांच्या पोराला ते शब्द कसे लागले ते मला अजून नीट लिहिता आलेलं नाही. राग आला. वाटलं, मी कोणी नाही तर तूही कुठं जायचं नाही. टाकला. आणि मग पळत पाण्याच्या कडेनं गेलो, पण तोवर पुढं गेला होता.

आक्कानं पाटाजवळची विस्कटलेली रांगोळी बोटानं सारखी केली. मग म्हणाली, "मास्तरांनी सांगितलं हुतं. अवलंबून कुणी दाखवलं तर घेत न्हाईत, म्हणतात ही मधेच घरला पळून जाईल. मी आधी शिसपेनीनं तुझंच नाव लिवलो हुतो. सर्जेराव, वय अकरा. मास्तर म्हटले, पूस. मग खोडरबरानं पुसलो आणि वर शाईनं लिवलो, कोणी नाही."

मी मान वर केली.

"पुसलं तरी कागदावर उमटलेलं राहतंय," ती म्हणाली. "उजेडात तिरकं धरला असतास तर दिसलं असतं. तू नीट वाचला न्हाईस."

त्रेपन्न वर्षं मी त्या दोन शब्दांचा राग कुठंतरी जपून ठेवला होता. त्या रागाच्या जिवावर स्वतःला अर्धं माफ केलं होतं, हे मला त्या पाटावर बसल्यावर कळलं. त्या दोन शब्दांखाली माझंच नाव होतं. मी रडलो वगैरे नाही. रडलो असतो तर तिनंच डोळे पुसले असते, आणि ते मला नको होतं.

ती उठून आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. फोटो घेऊन आली, पदरानं काच पुसली आणि माझ्या हातात दिला. "मी काढलो त्यो. लाव तूच. खिळा तिथंच हाय."

टोपी भिंतीपाशी खाली ठेवून मी स्टुलावर चढलो आणि फोटो लावला. दोनदा दोरी खिळ्यावरून निसटली. तिनं स्टूल धरलं होतं. खाली उतरून मी पुन्हा पाटावर बसलो, कारण दुसरं कुठं बसावं ते सुचेना.

आक्कानं तबक उचललं. निरांजन अजून जळत होतं. ती माझ्या बाजूनं पुढं गेली, भिंतीपाशी उभी राहिली आणि आप्पांना ओवाळलं. काचेवर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. त्यातल्या दोन-चार घरंगळून माझ्या टोपीवर पडल्या. मी त्या झटकल्या नाहीत.

"जेवून जा," माझ्याकडं न बघता ती म्हणाली.

जेवताना ती वाढत होती. भात वाढताना ती म्हणाली, "त्या यंत्रात दुरुस्त कर. आप्पाचं नाव काढ."

"माझं घालतो."

"तुझं घाल," ती म्हणाली. वाटीत आमटी ओतली, डाव खाली ठेवला आणि जरा विचार करून म्हणाली, "शेळीचं पण काढ. तिनं काय केलंय?"

हशा कुठं मिळतो ते मला बरोबर कळतं असं मी सुरुवातीला म्हणालो. ते वाक्य हशाचंच होतं, जागाही अचूक होती. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.